दहा इंची नेटबुकवर लिनक्स

सात ते अकरा इंची पडदा, किलो-सव्वा किलो वजन, सीडी ड्राइव्हला फाटा आणि बेताच्या ताकदीचा पण वीज कमी खाणारा प्रोसेसर, असा लॅपटॉप म्हणजे नेटबुक. या जातीचा पहिला गाजलेला संगणक तैवानच्या असूस कंपनीचा ‘ई पीसी ७०१’. तो ऑक्टोबर २००७ मध्ये बाजारात आला. पडदा सात इंची, ८०० बाय ४८० बिंदूंचा. रॅम ५१२ एमबी. आणि साठवणीसाठी हार्ड डिस्कऐवजी अवघी ४ जीबी फ्लॅश मेमरी. ९०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन प्रोसेसर कंपनीने मुद्दाम ६३० वर बांधून ठेवलेला होता. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर तेव्हाची विंडोज व्हिस्टा चालणे शक्यच नव्हते, म्हणून झँड्रॉस नावाचे लिनक्स कारखान्यातच घालून तो विकला गेला.

त्याच सुमारास निकोलस निग्रोपाँटी यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप शाळांमध्ये पोचू लागला होता. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातच, कर्जत परिसरातल्या खैराट या छोट्या गावाच्या शाळेत झाला. त्यावरही लिनक्सच होते, मुलांसाठी बेतलेल्या ‘शुगर’ या रूपात. २००८ मध्ये इंटेलने ॲटम हा स्वस्त प्रोसेसर काढला आणि एसर, एचपी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग, एमएसआय अशा सगळ्यांनीच नेटबुके बाजारात ओतली. मायक्रोसॉफ्टलाही निवृत्तीच्या वाटेवरची एक्सपी या संगणकांसाठी राखून ठेवावी लागली. पुढे विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ आवृत्ती आली. तिच्यात पडद्यामागचे चित्र बदलण्याचीही सोय नव्हती. या स्वस्त परवान्यांबरोबर रॅम १ जीबीपेक्षा जास्त नसावी अशी अट होती. म्हणून बहुतेक नेटबुके १ जीबीवरच विकली गेली, जरी त्यांच्या मदरबोर्डला २ जीबी पेलत असले तरी. ही गोष्ट आज फार कामाची ठरते. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड आला, लोकांचे लक्ष तिकडे वळले आणि २०१२ संपता संपता असूस व एसरनेही नेटबुके बनवणे थांबवले.

तेव्हाची हजारो नेटबुके आजही कपाटांत, माळ्यांवर पडून आहेत. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये, आणि विंडोज १० त्यांच्या आवाक्याबाहेरची. अशा यंत्रावर लिनक्स बसवण्याचे काम तास-दोन तासांचे आहे आणि ते वाटते तितके अवघड नाही. खरी मेख त्याच्या आधी आणि नंतर आहे. आधी हे ओळखावे लागते की हातातले यंत्र नेमके कोणते. आणि नंतर आजच्या वेबसाइटींचे ओझे त्याच्या पाठीवर किती टाकायचे याचा हिशेब ठेवावा लागतो. लिनक्स नेटबुकवर आरामात मावते. जड जातो तो ब्राउझर.

पहिली चौकशी प्रोसेसरची. ॲटम एन२७० आणि एन२८० हे ३२ बिटचे आहेत. २०१० च्या सुमारास आलेले एन४५०, एन४५५, एन४७०, एन५५०, एन५७० हे ६४ बिटचे. हा फरक पूर्वी किरकोळ होता, आता निर्णायक आहे, कारण लिनक्सच्या बहुतेक वितरणांनी, म्हणजे वेगवेगळ्या नावांनी मिळणाऱ्या तयार लिनक्सनी, एकेक करून ३२ बिटला निरोप दिला. उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपने २०१७ मध्येच ३२ बिट सोडले. लुबुंटू आणि झुबुंटू ही त्याची हलकी भावंडे १८.१० पर्यंत टिकली. गूगल क्रोमने तर त्याआधीच, २०१६ मध्ये, ३२ बिट लिनक्सकडे पाठ फिरवली. डेबियन १२ हे ३२ बिटवर थेट बसवता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने मात्र ३२ बिटसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही देणे थांबवले. ई पीसी ७०१ च्या सेलेरॉनला आणखी एक वेगळीच खोड आहे. जास्त मेमरी हाताळण्याची पीएई नावाची सुविधा आपल्याकडे आहे असे तो प्रोसेसर सांगत नाही, आणि ती असल्याशिवाय बरीच वितरणे सुरूच होत नाहीत. डेबियन १२ मध्ये अशा प्रोसेसरसाठी वेगळा कर्नल आहे.

प्रोसेसरचे नाव बहुधा तळव्याशेजारच्या स्टिकरवर नसते. तिथे नुसते ‘ॲटम’ लिहिलेले असते. विंडोज चालू होत असेल तर ‘माय कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये पूर्ण क्रमांक दिसतो. तेही शक्य नसेल तर यंत्र सुरू होताना बायोसमध्ये शिरून पाहावे. याच वेळी ग्राफिक्सची चौकशी केलेली बरी. एन२७० आणि एन४५० यांच्या घराण्यातली इंटेलची ग्राफिक्स साधी आहेत आणि लिनक्सला चांगली ओळखीची आहेत. ॲटम झेड५२०, झेड५३० आणि नंतरचे एन२६००, एन२८०० यांच्यात मात्र दुसऱ्या कंपनीचा, पॉवरव्हीआर नावाचा ग्राफिक्स गाभा आहे. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये कधीच धड झाला नाही. चित्र दिसते, पण खिडकी हलवली की ती रखडत सरकते आणि व्हिडिओची तर आशाच नको. असे यंत्र फुकट मिळत असले तरी दोनदा विचार करावा.

दुसरी चौकशी रॅमची आणि डिस्कची. १ जीबीची पट्टी काढून २ जीबीची लावणे हा या सगळ्या उद्योगातला सर्वात मोठा फायदा देणारा खर्च आहे. पुष्कळ नेटबुकांच्या पोटाखाली एक छोटे झाकण असते. दोन स्क्रू काढले की पट्टी हाती येते. एन२७० आणि एन४५० ला डीडीआर२ ची पट्टी लागते, एन४५५ ला डीडीआर३, आणि दोघांच्या खाचा वेगळ्या असल्याने दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. दोन्ही बाबतीत कमाल मर्यादा २ जीबीच. अडीच इंची हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसते, आणि यंत्र सुरू होण्याचा वेळ डोळ्यांत भरण्याइतका कमी होतो. काही नेटबुकांत मात्र डिस्कपर्यंत पोचायला कीबोर्डपासून सगळे उकलावे लागते. तिथे अनुभवी माणसाच्या हाती काम द्यावे.

आता वितरण कोणते? २ जीबी रॅम असेल तर डेबियन १२ आणि त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई यांपैकी एक हलका डेस्कटॉप, हा सरळ मार्ग. १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर डेबियनवरच बेतलेले अँटीएक्स २३ घ्यावे. त्यात पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा अगदी हलका खिडकी-व्यवस्थापक असतो. ई पीसी ७०१ वरच्या झँड्रॉसनेही तोच वापरला होता. ५१२ एमबीच्या यंत्रासाठी पपी लिनक्स हा तिसरा पर्याय. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले हे वितरण सगळेच्या सगळे रॅममध्ये उतरते आणि तिथूनच चालते. एमएक्स लिनक्स, क्यू४ओएस, बोधी अशी आणखी नावे कुणी ना कुणी सुचवतेच आणि त्यांत वाईट काही नाही. पण पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने वितरणे चाखत बसण्यात आठवडे घालवू नयेत. पोटात बहुतेकांच्या डेबियनच असते.

वितरणाची आयएसओ फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यायची आणि पेनड्राइव्हवर लिहायची. ती नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. विंडोजवर रुफस, इतरत्र बलेनाएचर यांसारख्या साधनाने लिहावी लागते. ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचे जुने सगळे पुसले जाते हे लक्षात ठेवावे. लिनक्सवर हेच काम डीडी नावाच्या आज्ञेने होते, पण तिथे डिस्कचे नाव देताना एक अक्षर चुकले तर पेनड्राइव्हऐवजी आपलीच हार्ड डिस्क पुसली जाते आणि डीडी ‘खात्री आहे ना?’ असे विचारत नाही. उतरवलेल्या फाइलीचा एसएचए-२५६ आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहण्याची पायरी बहुतेक लोक गाळतात. नेट वारंवार तुटणाऱ्या ठिकाणी ती गाळू नये. अर्धवट उतरलेली फाइल बहुधा इन्स्टॉलेशनच्या ऐंशी टक्क्यांवर दगा देते.

यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची कळ कंपनीगणिक वेगळी. असूसच्या ई पीसीवर सुरू होताच एस्केप दाबत राहायचे. एसरच्या ॲस्पायर वनवर एफ१२, पण ती कळ आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. लागलीच ‘इन्स्टॉल’वर जाऊ नये. अँटीएक्स आणि पपी डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतात, त्यामुळे डेबियन बसवायचे असले तरी आधी अशा एखाद्या लाइव्ह पेनड्राइव्हवर यंत्र अर्धा तास वापरून पाहावे. वाय-फाय दिसते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे सगळे तिथे कळते. जुन्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे हलवून घेण्याचीही हीच वेळ. विंडोज बिघडून सुरू होत नसली तरी लाइव्ह लिनक्समधून त्या फाइली सहसा दिसतात.

डेबियनचा इन्स्टॉलर भाषेपासून सुरुवात करतो. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय आहे, आणि तो निवडला तर पुढचे प्रश्नही मराठीत येतात. तरीही पहिल्या खेपेस इंग्रजी आणि देश भारत असे निवडणे सोयीचे. सगळे प्रोग्रॅम सारखे अनुवादित नसल्याने मराठी निवडल्यावर पडदा अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी होतो, आणि अडचण आली तर मराठीत उमटलेल्या त्रुटीसंदेशाचा नेटवर शोध घेता येत नाही. मराठी टंकलेखनाचा या निवडीशी संबंध नाही. ते नंतर वेगळे बसवता येते.

पुढे ‘रूट’चा पासवर्ड विचारला जातो. हा रकाना रिकामा सोडला तर पहिल्या वापरकर्त्यालाच सुडो ही व्यवस्थापकाची मुभा मिळते; घरगुती यंत्राला हेच बरे. पार्टिशनच्या पायरीवर नवख्याने पूर्ण डिस्क आणि सगळ्या फाइली एकाच पार्टिशनमध्ये हा पर्याय घ्यावा. विंडोजसाठी जागा राखून दोन्ही ठेवण्याचा मोह होतो, पण १६० जीबीच्या थकलेल्या डिस्कवर आणि आधार संपलेल्या विंडोजसाठी तो मोह टाळलेलाच चांगला.

यानंतर येतो तो सर्वात महत्त्वाचा पडदा, आणि दुर्दैवाने तोच सर्वात घाईत ओलांडला जातो. ‘कोणते सॉफ्टवेअर बसवायचे’ अशा मथळ्याखाली चौकोनांची यादी येते. त्यात ‘डेबियन डेस्कटॉप’ आणि त्याखालचा ‘ग्नोम’ यांवर आधीच खूण असते. तशीच एंटर दाबली की ग्नोम बसते, आणि २ जीबीच्या नेटबुकवर ते सुरू होऊन स्थिरावेपर्यंतच अर्धीअधिक रॅम खाऊन टाकते. स्पेसबारने या दोन्ही खुणा काढायच्या आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई यांपैकी एकच निवडायचे. नेटबुकवर लिनक्स फारच संथ चालते ही तक्रार जिथे ऐकू येते तिथे पुष्कळदा मूळ कारण या एका पडद्यावर सापडते.

एलएक्सडीई हा डेस्कटॉप तैवानमध्ये, नेटबुकांच्याच देशात, २००६ मध्ये सुरू झाला. तो रिकामा असताना दोनशे-अडीचशे एमबीत राहतो. त्याचा विकास आता जवळपास थांबला आहे आणि त्याची जागा एलएक्सक्यूटीने घेतली आहे. एक्सएफसीई १९९६ पासूनचा, थोडा जड, पण मांडणी आपल्या सोयीने बदलण्यात जास्त लवचिक. छोट्या पडद्यावर ही लवचिकता उपयोगी पडते, म्हणून २ जीबी असेल तर कौल एक्सएफसीईला.

शेवटची पायरी ग्रब या बूटलोडरची. तो कुठे लिहायचा असे इन्स्टॉलर विचारतो तेव्हा दोन नावे दिसतात: डिस्क आणि पेनड्राइव्ह. यादीत पहिली दिसते ती आपली डिस्कच असेल असे गृहीत धरू नये. नावापुढचा उत्पादक किंवा क्रमांक पाहून हार्ड डिस्क निवडावी. चुकून पेनड्राइव्हवर लिहिले गेले तर सगळे नीट बसते, पण पेनड्राइव्ह लावल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही.

नव्या लिनक्सवर पहिला अडथळा येतो तो वाय-फायचा. अथेरॉसचे वाय-फाय कार्ड असेल, जसे ई पीसी आणि ॲस्पायर वनमध्ये पुष्कळदा असते, तर ते आपोआप चालते. डेल मिनी आणि एचपी मिनीच्या बऱ्याच नमुन्यांत ब्रॉडकॉमचे बीसीएम४३१२ असते. त्याचे फर्मवेअर परवान्याच्या अडचणीमुळे डेबियनला सोबत देता येत नाही. ते नेटवरून उतरवावे लागते, आणि नेट तर वाय-फायशिवाय नाही. हा तिढा सोडवायला लॅन केबल लागत असे. आता अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की लिनक्सला तो तारेचे नेटवर्कच वाटतो, कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. तेवढ्यावर फर्मवेअरचे पॅकेज उतरवून यंत्र पुन्हा सुरू केले की काम झाले.

नेट जोडूनही ब्राउझर प्रत्येक पानावर सुरक्षेची सूचना देत असेल आणि अपडेट घेताना ॲप्ट हे डेबियनचे पॅकेज बसवणारे साधन तक्रार करत असेल, तर बिघाड नेटचा नसतो. कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर यंत्र प्रत्येक वेळी जुन्याच एखाद्या साली उठते. वेबसाइटची प्रमाणपत्रे त्या तारखेला अजून निघालेलीच नसतात, म्हणून ती खोटी ठरतात. डेबियनच्या पॅकेज-यादीवरची तारीखही भविष्यातली वाटते. तारीख दुरुस्त केली की दोन्ही तक्रारी मिटतात, आणि बॅटरी बदलली की कायमच्या.

पडद्याचा प्रश्न रुंदीचा नसून उंचीचा असतो. १०२४ बाय ६०० च्या पडद्यावर वरची शीर्षकपट्टी, मेनू, खालचा टास्कबार आणि ब्राउझरची टॅबपट्टी वजा केली की मजकुराला चारशेच्या आसपासच बिंदू उरतात. एक्सएफसीईत टास्कबार डाव्या कडेला उभा करता येतो. रुंदी मुबलक असल्याने तिथे तो खुपत नाही. खिडकी मोठी केल्यावर तिची शीर्षकपट्टी लपवण्याची सोयही त्यात आहे. फाँट एक-दोन अंकांनी लहान, चिन्हे लहान, आणि ब्राउझरमध्ये वाचताना एफ११ दाबून पूर्ण पडदा. काही सेटिंगच्या खिडक्या सहाशे बिंदूंपेक्षा उंच असतात आणि त्यांचे ‘ओके’चे बटण पडद्याखाली दडते. तेव्हा ऑल्ट कळ दाबून खिडकीत कुठेही माउस धरून ती वर ओढायची. शीर्षकपट्टी पडद्याबाहेर गेली तरी चालते. ही एक युक्ती माहीत नसल्याने लोक एंटर दाबून बघत, अंदाजाने काम उरकत राहतात. एक्सएफसीईमधला कंपोझिटर, म्हणजे खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता, बंद केला की जुन्या ग्राफिक्सवरचा ताणही उतरतो.

आता ब्राउझर. डेस्कटॉप तीन-चारशे एमबीत भागवतो आणि फायरफॉक्समध्ये पाच-सहा टॅब उघडले की उरलेली रॅम संपते. त्यानंतर लिनक्स डिस्कवरची स्वॅप जागा वापरू लागते, डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आणि माउसही अडखळतो. यावर सर्वात परिणामकारक उपाय झेडरॅमचा. यात रॅमचाच एक भाग दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, स्वॅप म्हणून वापरला जातो. दाबण्या-उलगडण्याचे थोडे कष्ट प्रोसेसरला पडतात, पण फिरत्या डिस्कपेक्षा ते कितीतरी वेगाने होते. डेबियनवर ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज बसवले की झाले. त्याच्या सेटिंग फाइलीत रॅमचा निम्मा भाग दिला तरी पुरतो. दुसरा उपाय यूब्लॉक ओरिजिन हा जाहिरातरोधक. बातम्यांच्या साइटींवर बातमीपेक्षा जाहिरातींच्या स्क्रिप्टच जड असतात, आणि त्या अडवल्या की एरवी उघडता उघडत नाही असे पान सुसह्य होते. डिलोसारखे चिमुकले ब्राउझर वाऱ्याच्या वेगाने पाने उघडतात, पण जावास्क्रिप्ट चालवत नसल्याने बँक, ईमेल, सरकारी अर्ज यांच्या कामाचे नाहीत.

व्हिडिओच्या बाबतीत अपेक्षा जमिनीवर ठेवाव्यात. जुन्या इंटेल ग्राफिक्सला एच.२६४ व्हिडिओ उलगडण्याची सोय नाही. सगळे ओझे एकट्या प्रोसेसरवर येते. ३६० रेषांचा व्हिडिओ चालतो, ७२० चा अडखळतो. यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ या आणखी जड प्रकारांत व्हिडिओ पाठवते. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारे एक्स्टेंशन मिळते, किंवा व्हिडिओ ब्राउझरबाहेर एमपीव्हीसारख्या प्लेअरमध्ये उघडावा. दुसरा मार्ग बराच हलका पडतो.

लिहिण्याच्या कामात मात्र नेटबुक आजही तरुण आहे. लिब्रेऑफिस रायटर सुरू व्हायला वेळ घेते, पण एकदा उघडले की मराठी मजकूर नीट हाताळते. नुसता मजकूर लिहायचा तर माउसपॅडसारखा साधा संपादक पुरतो. देवनागरीसाठी लोहित किंवा नोटो फाँटचे पॅकेज बसवावे. टंकलेखनासाठी बहुतेक ठिकाणी आयबस हा प्रोग्रॅम सुचवला जातो. तो चांगला आहे, पण मागे सतत चालू राहून रॅम अडवतो. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्ड-मांडणी येणाऱ्याला त्याची गरजच नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय देवनागरी मांडणी जोडली आणि भाषा बदलायला एक कळ नेमली की झाले. ही सोय लिनक्सच्या पडदा-व्यवस्थेतच असते, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. रोमन उच्चारांवरून लिहिण्याची सवय असेल तर याच यादीत मराठीची ‘कागप’ ही उच्चारानुसारी मांडणी आहे.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे. ‘र’ ज्या कळीवर आहे तिच्यावरच शिफ्ट दाबून ‘ऱ’ येतो, तसाच ‘ल’च्या कळीवर शिफ्टने ‘ळ’. ‘वाऱ्यावर’ लिहिताना ‘ऱ’, मग हलंत, मग ‘य’ दाबायचा. साधा ‘र’ वापरला तर ‘वार्यावर’ असा रफार डोक्यावर बसतो. हिंदीसाठी बनवलेल्या काही मांडण्यांत हा ‘ऱ’ शोधूनही सापडत नाही, म्हणून मांडणी निवडताना ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘बाळ’ असे दोन-चार शब्द लिहून पाहावेत. नेटबुकचा कीबोर्ड आखूड असतो. सात इंचीवर दहा बोटांनी लिहिणे कठीण, दहा इंचीवर चार दिवसांत हात बसतो.

बॅटरीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पंधरा वर्षांची लिथियम बॅटरी बहुधा मेलेली असते, आणि तिला जिवंत करणारे सॉफ्टवेअर अस्तित्वात नाही. टीएलपी हे पॅकेज बसवल्यास वीज थोडी वाचते. फुगलेली बॅटरी मात्र लगेच काढावी. बहुतेक नेटबुके बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात.

२०१३ नंतर नेटबुकाची जागा ११ इंची स्वस्त लॅपटॉपांनी घेतली. एचपी स्ट्रीम ११ हे त्यातले २०१४ चे ठळक उदाहरण: २ जीबी रॅम आणि ३२ जीबीची ईएमएमसी साठवण, जी विंडोजच्या अपडेटनीच भरून जाई. यांचे प्रोसेसर ६४ बिटचे आहेत, त्यामुळे वितरणांची चणचण नाही. पण त्या पिढीतल्या काही यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा आणि यूईएफआय फर्मवेअर ३२ बिटचे अशी विजोड जोडी आहे. अशा यंत्राला नेहमीचा पेनड्राइव्ह दिसतच नाही. ३२ बिट यूईएफआयची सोय असलेलाच इन्स्टॉलर घ्यावा लागतो. तसेच यांतली रॅम आणि साठवण मदरबोर्डला डाखलेली असते, म्हणजे जे आहे त्यातच भागवायचे.

बसवून झाल्यावर अपडेटची शिस्त उरते. ॲप्टने आठवड्यातून एकदा पॅकेज-यादी ताजी करून दुरुस्त्या घेतल्या की पुरे. डेबियन १२ ला दीर्घ मुदतीच्या आधाराखाली जून २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, ३२ बिटलाही. फायरफॉक्सची गोष्ट याहून तंग आहे. नेहमीची आवृत्ती १४४ नंतर ३२ बिट लिनक्ससाठी निघत नाही. दीर्घ मुदतीच्या १४० ला सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी दुरुस्त्या मिळतील असे मोझिलाने जाहीर केले. त्यानंतर एन२७० च्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. लिहिणे, ऐकणे, पीडीएफ वाचणे, घरातल्या प्रिंटरला जोडून ठेवणे, मुलांना पायथन शिकवणे ही कामे नेट तोडूनही चालतात. एन४५० किंवा त्यापुढच्या ६४ बिट यंत्राला ही मुदत लागू नाही, पण त्यावर सुरुवातीलाच ६४ बिटचे डेबियन बसवलेले हवे. पेनड्राइव्ह हाताशी आहे म्हणून त्यावरही ३२ बिटच चढवले असेल तर पुढे नुसत्या अपडेटने ते ६४ बिट होत नाही. फाइली दुसरीकडे काढून सगळे नव्याने बसवावे लागते.